पूर्वेकडे पाय

सौदीतल्या यान्बूच्या त्या कॅम्पात नवा माणूस उतरला, की बॅग उघडायच्या आधी कुणीतरी शशिकांत पाटोळेला बोलावून आणत असे. "पाटोळेभाई, जरा किबला बता दो." मग हा नगर जिल्ह्यातल्या नेवाशाकडचा ख्रिस्ती गडी खिशातून पेन्सिल काढी, खिडकीतून बाहेरच्या तेलाच्या टाकीकडे एकदा बघे, मनाशी काहीतरी पुटपुटे आणि फरशीवर एक रेघ ओढून मोकळा होई. नमाजाला तोंड करायचं ते मक्केकडे, आणि मक्का तिथून आग्नेयेला, पण चांगलीच दक्षिणेकडे झुकलेली. नुसतं 'आग्नेय' म्हणणाऱ्याकडे तो असा बघे, की समोरच्याला आपण चौथीत नापास झालोय असं वाटावं. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होकायंत्र आलं तरी त्याची मागणी कमी झाली नाही. लोखंडी पलंगांच्या त्या खोल्यांत मोबाईलच्या सुईला वेड लागे, पाटोळेला लागत नसे.

तेवीस वर्षं तो तिथे सर्व्हेअर होता. तीन पायांवरच्या यंत्राच्या भिंगाला डोळा लावायचा आणि पाइपलाइनचे खांब कुठे उभे राहायचे, टाकीचा पाया कुठल्या रेषेत खणायचा, हे ठरवून द्यायचं. बावन्नाव्या वर्षी त्याचा डावा डोळा कायमचा बारीक झाला होता. गावी गेला की बायको शोभना म्हणे, "अहो, सुट्टीत तरी माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघा."

खोलीत त्याच्यासोबत हनीफ असे. दापोलीकडचा, परांची बांधणाऱ्यांचा फोरमन, बोलायला फटकळ आणि मनानं लोण्यासारखा. अकरा वर्षं दोघं एकाच चहाच्या किटलीवर काढत आले होते. हनीफची जानमाज, म्हणजे नमाजाची सतरंजी, शशिकांतनं ओढून दिलेल्या रेघेवर पडे, आणि शशिकांत स्वतः कामावर निघण्याआधी दोन मिनिटं पूर्वेकडे तोंड करून हात जोडून उभा राही. आता त्या खोलीत पूर्वेला नेमकं हनीफचं कपाट. "माझ्या शर्टांना रोज आशीर्वाद मिळतो बघ," हनीफ म्हणे.

एकदा हनीफनं विचारलंच, "काय रे, तुमचं पूर्वेला असतं तरी काय?"

"आमचा प्रभू परत येणार, तो तिकडून."

"ईसा तर आमच्यातही परत येणार आहेत."

"मग झालं तर. आले की दोघं मिळून विचारू, कुठून आलात म्हणून."

हे पूर्वेचं खूळ त्याच्या डोक्यात भरवलं ते त्याच्या आईनं. बायजाबाई मिशनची 'बायबल बाई' होती. खांद्याला झोळी, हातात काठी, आणि दिवसाला दोन गावं पायी. बायाबापड्यांच्यात बसायचं, कुणाची शेंग फोडू लागायची, कुणाचं लेकरू मांडीवर घ्यायचं आणि बोलता बोलता दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट अशी सांगायची, की ऐकणारीला वाटावं ही परवाच तिकडून जाऊन आली. ग्रीसमधलं थेस्सलनीका हे तिच्या तोंडी प्रवरेच्या पलीकडचं एखादं गाव असे.

सुरुवातीच्या विश्वासणाऱ्यांची गोष्ट तिची सगळ्यात आवडती. येशू परत येतो म्हणून गेला, आणि त्या भाबड्या माणसांनी ते शब्दाला शब्द धरलं. आज येईल, उद्या येईल, निदान आपण डोळे मिटायच्या आत तरी येईलच. कुणी जमिनी विकल्या, कुणी घरं, आणि सगळे एका पंगतीला बसून जेवू लागले. एकमेकांना भेटले की 'मारानाथा' म्हणत, म्हणजे प्रभो, ये. पूर्वेकडची वीज पश्चिमेपर्यंत दिसते तसा तो येणार, म्हणून प्रार्थनेला उभे राहत तेही पूर्वेकडे तोंड करून.

"थेस्सलनीकात तर काहींनी कामधंदाच सोडला," बायजाबाई हात नाचवत सांगे. "म्हनले, मालक दाराशी आलाय, आता कशाला राबायचं? बसले आभाळाकडं बघत. मग पौल प्रेषितानं चिठ्ठी धाडली. म्हनला, बाबांनो, हात हलवा जरा, दुसऱ्याच्या ताटात जेवू नका. येनारा येईल त्याच्या येळंला."

ती हे नुसतं सांगत नव्हती. शशिकांत नऊ-दहा वर्षांचा असताना एका फिरत्या प्रचारकानं प्रभूच्या येण्याची चक्क तारीख देऊन टाकली होती. त्या दिवशी ख्रिस्ती आळीत चूल पेटली नाही, सगळे न्हाऊन-धुऊन देवळात जाऊन बसले. बायजाबाई मात्र सकाळपासून माळवदावर कुरडया घालत होती. खालून कुणीतरी ओरडलं, तर वरून म्हणाली, "आला तर त्याला वर पाठवा, ताज्या चिकाची वाटी देते." संध्याकाळी उपाशीपोटी परतलेल्या अर्ध्या आळीनं तिच्याकडेच भाकरी खाल्ली.

पण गोष्टीत पुढे एक जागा अशी होती, की तिथे तिचा आवाज खाली येई. वाट बघता बघता थेस्सलनीकात माणसं मरायला लागली. कुणाची आई गेली, कुणाचा नवरा गेला, आणि येणारा काही अजून आला नव्हता. असं होईल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मागे राहिलेल्यांना भलताच घोर लागला. उद्या तो आला आणि आपलं माणूस मातीखाली असलं, तर चुकामूक होणार का? इतकी वाट बघून नेमकं त्यालाच दर्शन नाही? बायजाबाई इथे थांबे, डोळ्याला पदर लावी आणि मग सांगे, की पौलानं त्यांना धीर दिला. निजलेले आधी उठतील, मग आपण. कुणाची चुकामूक व्हायची नाही.

"म्हनून आपल्यात पुरताना पाय उगवतीला," ती शेवटी म्हणे. "उठून बसलं की तो समोरच. मान वळवायची पंचाईत नगं."

शशिकांत आणि धाकटा रणजित अंगणात उगवतीला पाय करून आडवे होत, डोळे मिटत आणि तिनं "आला!" म्हटलं की ताडकन उठून बसत. पहिला उठेल त्याला गुळाचा खडा. दिशा म्हणजे काय, हे शशिकांत सर्व्हेच्या कोर्सला जाऊन शिकला नाही. ते तो अंगणात पालथा-उताणा होऊन शिकला, आणि आईच्या हातून ते इतकं पक्कं बसलं की पुढे सौदीच्या उन्हातही हललं नाही.

तो यान्बूला निघाला तेव्हा बायजाबाई साठीच्या आत होती. "कवा येशील रं शशा?" तिनं विचारलं.

"दोन वर्षांनी सुट्टी. आणि दोन-चार वर्षांत कायमचाच येतो."

मग घराचा स्लॅब झाला, मग लेकीचं, दर्शनाचं, नर्सिंग कॉलेज आलं, मग तिचं लग्न आलं. दर दोन वर्षांनी तो दोन महिने येई, आईच्या हातची कुरडई खाई, आणि निघताना पुढच्या वर्षी कायमचाच येतो असं सांगून जाई. शोभना सासूजवळच राहिली. त्याच्या हुद्द्याला बायकोला तिकडे नेण्याची सोय नव्हती, आणि असती तरी ती सासूला सोडून गेली असती असं वाटत नाही. बायजाबाई फोनवर बोलायची ती व्हिडिओ असला तरी फोन कानालाच लावून. शशिकांतला पाच-पाच मिनिटं नुसता आईचा कान दिसे, त्यातली सोन्याची बुगडी दिसे, आणि आवाज येई, "तुजं नि प्रभूचं एकच उत्तर बघ शशा. लवकर येतो!" तो हसायचा. फोन ठेवल्यावर उगाच चहाची किटली घासत बसायचा.

यंदा जानेवारीत, सकाळी नऊच्या सुमाराला, तो यंत्राशी उभा असताना रणजितचा फोन आला. "आई गेली, दादा. झोपेतच."

त्यानं यंत्र तसंच सोडलं आणि कॅम्पच्या ऑफिसात धावला. तिथे कळलं, की त्याचा इकामा, म्हणजे सौदीत राहण्याचं ओळखपत्र, नूतनीकरणाला गेलाय, आणि तो हातात पडल्याशिवाय देशाबाहेर जाण्याचा परवाना निघत नाही. क्लार्क बिचारा चांगला होता. त्यानं चार ठिकाणी फोन केले, पाणी आणून दिलं, आणि शेवटी हात पसरून म्हणाला, "बुकरा. नहीं तो परसों. नहीं तो जुमेरात." उद्या, नाहीतर परवा, नाहीतर गुरुवार. त्या दिवशी होता सोमवार.

रणजित म्हणाला, "दादा, नगरला शीतपेटीत ठेवू का? तू येईपर्यंत?"

शशिकांत कॅम्पच्या भिंतीला टेकून उभा होता. आईला बर्फाच्या पेटीत, परक्या गावी, चार दिवस एकटीला ठेवायचं हे त्याच्यानं सहन होईना. "नको. उद्या चारला माती द्या," तो म्हणाला. "पण एक कर रणजित. खड्डा नीट पूर्व-पश्चिम घे. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. बाबांच्या कबरीची रेष धर, ती मी स्वतः आखलेली आहे. उगवत्या सूर्यावर जाऊ नकोस, जानेवारीत तो दक्षिणेला सरकलेला असतो. ऐकतोयस ना?"

रणजित क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "हो दादा."

दुसरं काही त्याच्या हातात उरलंच नव्हतं. खांदा नाही, मूठभर माती नाही, शेवटचं तोंड बघणं नाही. तेवीस वर्षं 'येतो, येतो' म्हणून तो कायमचा आला नव्हता, आणि आई वाट बघून निघून गेली होती. जिवंतपणीची चुकामूक झाली ती झाली, पण पुढची तरी होऊ नये. तिनं आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो आला, तर ती त्याच्याकडे तोंड करून उठावी, एवढं तरी लेक म्हणून आपण नीट करून द्यावं, असं त्याला पोटातून वाटत होतं.

मंगळवारी हनीफनं अर्धा दिवस सुट्टी टाकली. यान्बूत दीड वाजला म्हणजे नेवाशाकडे चार. पलंगावर दोघं शेजारी बसले आणि हनीफनं खजुराच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. पलीकडे शोभनानं फोन धरला होता. कबरस्तान दिसलं, पाळकांचा पांढरा झगा दिसला, आळीतली सगळी माणसं दिसली. गाणं चाललं होतं. पेटी खड्ड्याशी आणली गेली, आणि शशिकांतचा डावा डोळा सवयीनं बारीक झाला.

माणसांच्या सावल्या त्याला आधी दिसल्या. दुपार कललेली, सूर्य नैर्ऋत्येला, म्हणजे सावल्या पडणार ईशान्येकडे. पेटी खांद्यांशी रुंद असते आणि पायांशी निमुळती. ती निमुळती बाजू सावल्यांच्या अंगाला हवी होती. ती होती बरोबर उलटी. त्याला वाटलं फोन चित्र फिरवून दाखवत असेल. त्यानं शेजारची बाबांची कबर पाहिली, तिच्या उशाचा दगडी क्रूस पाहिला. बाबांच्या उशाशी आईचे पाय आले होते.

"उलटी आहे!" तो ओरडला. "शोभना! पेटी फिरवा!"

हनीफ दचकून उभा राहिला. पलीकडे गाणं शेवटच्या कडव्यावर आलं होतं, उघड्यावर सगळे जीव खाऊन गात होते, आणि फोनमधला आवाज कुणाच्या कानावर जाईना. चार माणसांनी दोर हातात घेतले. शशिकांतनं हनीफचा मोबाईल जवळजवळ हिसकावला आणि रणजितचा नंबर लावला. स्क्रीनवर त्याला दिसलं, की दोर धरलेला रणजित थबकलाय, खिशाकडे बघतोय, आणि गाणारे लोक त्याच्याकडे रागानं बघतायत. रणजितनं दोर शेजाऱ्याच्या हाती देऊन फोन घेतला.

"दोर सोडू नका," शशिकांत म्हणाला. "तुला मी काय सांगितलं होतं रे? एक गोष्ट सांगितली होती. एकच!"

"दादा, माझं चुकलं नाही," रणजित म्हणाला. "वहिनीला विचार."

गाणं थांबलं होतं. शोभनानं फोन स्वतःकडे फिरवला. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता.

"अहो, आईंनीच सांगितलं होतं. नाताळ झाल्यावर, मला आणि भाऊजींना जवळ बसवून. म्हणाल्या, मला पुरताना पाय मावळतीला करा. मी म्हटलं, आई, उभ्या तालुक्याला तुम्ही उगवतीला पाय करायला शिकवलंत, आता हे काय? तर म्हणाल्या..." शोभनानं पदरानं तोंड पुसलं. "म्हणाल्या, प्रभूचा मला घोर न्हाई. तो कुठूनबी आला तरी मला हाक मारल्याबिगर राहायचा न्हाई, त्याला माझी जागा ठावी हाय. पर माझा शशा मावळतीकडून येतो. त्याच्याकडं पाठ करून मी कशी निजू?"

शशिकांत खजुराच्या डब्यावरच्या फोनपाशी वाकला.

"मला का नाही सांगितलंस?" शशिकांत कसाबसा म्हणाला.

"त्यांनीच बजावलं होतं. म्हणाल्या, तिकडं एकटाच रडत बसंल."

पाळक थांबले होते. दोर धरलेल्यांचे हात भरून आले होते. सगळी आळी शोभनाच्या हातातल्या फोनकडे बघत होती. थोरला लेक तो, शब्द त्याचाच चालणार होता. रणजित पुढे झाला. "दादा, तू म्हणशील तसं. फिरवायची का?"

आयुष्यात एकदाही शशिकांतनं रेष चुकू दिली नव्हती. हनीफनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आमच्यात गावाला मावळतीकडेच तोंड करतात रे," तो हळू आवाजात म्हणाला. "किबला तिकडे म्हणून. माझी अम्मी तशीच निजलीय. मीही नव्हतो तेव्हा."

"राहू दे," शशिकांत फोनमध्ये म्हणाला. "आई म्हणाली तशीच राहू दे."

दोर सुटत गेले. पेटी खाली जाताना त्यानं तोंड फिरवलं नाही, आणि रडूही आवरलं नाही. बावन्न वर्षांचा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला, आणि हनीफनं त्याला रडू दिलं.

संध्याकाळी हनीफनं चहा पुढे केला आणि विचारलं, "शशी, उभ्या कॅम्पाला तू मक्का दाखवतोस. तुझं गाव इथून नेमकं कुठे, ते काढलंयस कधी?"

नव्हतं काढलं. भिंतीवरच्या नकाशात हिंदुस्तान उजवीकडे खाली दिसतो, तसाच तो त्याच्या मनातही होता. पण नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल. एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर त्यानं दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश लिहिले आणि गणित मांडलं. उत्तर बघून त्याला चूक झाली असं वाटलं. त्यानं पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा केलं. दर वेळी तेच आलं. नव्वद अंश, आणि वर किंचित काहीतरी, जे कुठलाही सर्व्हेअर सोडून देईल. सरळ पूर्व. रोज सकाळी प्रभूची वाट बघत तो आईकडेच तोंड करून उभा राहत होता, आणि हे त्याला तेवीस वर्षं ठाऊक नव्हतं. त्यानं कागद हनीफपुढे सरकवला. हनीफला त्यातलं गणित कळलं नाही, पण कागद त्यानं नीट घडी घालून परत दिला.

गुरुवारी इकामा आला. क्लार्कनं सुट्टीचा फॉर्म पुढे ओढून विचारलं, "पाटोळे, कितना दिन? वापसी कब?"

"वापसी नहीं," शशिकांत म्हणाला. "खुरूज निहाई." कायमचं जाणं.

क्लार्कनं मान वर करून पाहिलं, हातातला फॉर्म बाजूला ठेवला आणि दुसरा काढला. सगळं आटपायला तीन आठवडे तरी लागतील, असं तो म्हणाला. शशिकांतनं सही केली, बाहेर येऊन उन्हातच शोभनाला फोन लावला, आणि तेवीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "आईला सांग, मी कायमचा येतोय."

बोलल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पण शोभनानं त्याची चूक काढली नाही.

"सांगते," ती म्हणाली, आणि ऊन उतरल्यावर खरंच कबरस्तानात जाऊन सांगून आली.